तारलीचा ठराव

मासे पोचले तेव्हा संचालक मंडळ पिठलं-भाकरी खात होतं.

खोकं रत्नागिरीहून लातूरला एका एसटीनं आणि लातूरहून घाटनांदूरला दुसऱ्या एसटीनं आलं होतं. स्टँडपासून घरापर्यंत ते अर्जुनरावांच्या मोटारसायकलवरून आलं, कारण अर्जुनराव संस्थेचे उपाध्यक्ष होते आणि बैठकीला निघालेच होते. कंडक्टरनं 'घाणेवाल्यांचं पार्सल' म्हणत ते त्यांच्या हवाली केलं. थर्माकोलचं खोकं, त्याला चिकटपट्टीचे वेढे आणि एका कोपऱ्यातून बारीक धार. अर्जुनरावांच्या मागोमाग दारापर्यंत दोन मांजरं, एक कुत्रं आणि रिकामी घागर घेतलेली एक बाई आली. मांजरांचा आणि कुत्र्याचा हेतू एक होता, बाईचा वेगळा.

"मल्लूशेठ, तुमचं पार्सल स्टँडपासून गळायलंय," अर्जुनराव म्हणाले. "आत बर्फ हाय वाटतं. गावात टँकर येऊन आठ दिस झाले, आन तुमी बर्फ मागवायलाव. लोक बघायलेत."

"सावलीत ठेवा, सावलीत," म्हणत मल्लिनाथ भाकरी हातात घेऊनच उठला.

"काय हाय त्यात?" रुद्रप्पांनी विचारलं.

"विषय क्रमांक दोन," मल्लिनाथ म्हणाला.

रुद्रप्पांच्या घरात असं उत्तर चालायचं. तरुणपणी त्यांनी आसपासचे शेतकरी गोळा करून तेलबियांची सहकारी संस्था काढली, करडईचा घाणा बसवला, आणि तेव्हापासून त्या घरात सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय पान हललं नाही. आमटी अळणी असल्याची सूचना कुणी मांडली आणि तिला अनुमोदन मिळालं नाही, तर आमटी अळणी नव्हती. थोरल्या मल्लिनाथचं लग्नही याच रीतीनं ठरलं: सूचक रुद्रप्पा, अनुमोदक त्यांच्या पत्नी नीलाबाई, ठराव उमाबाई. पुढे ठरावालाही महिला राखीव जागेवर संचालक करून घेण्यात आलं. आता मंडळात उरले होते ते हे चौघं आणि अर्जुनराव. बाकीच्यांपैकी दोघं पुण्याकडे बांधकामावर गेले होते आणि एक वारले होते, पण त्यांनी राजीनामा दिला नव्हता.

उन्हं उतरली की सभासद घराला लागूनच असलेल्या घाण्याच्या पटांगणात जमणार होते. घाणा ठेवायचा की संस्था गुंडाळायची, हे मंडळानं त्याआधी ठरवायचं होतं. घाणा तीन हंगाम फिरला नव्हता. करडई पेरायचं लोकांनी कधीच सोडलं होतं. आधी सोयाबीन आलं, मग ऊस आला, मग पाऊस यायचा राहिला, आणि मग पेरलेलं आणि न पेरलेलं रान सारखंच दिसायला लागलं.

विषय क्रमांक एक उमाबाईंचा होता. तो त्यांनी सकाळीच चुलीपाशी सांगून ठेवला होता: संस्था गुंडाळा, घाणा भंगारात द्या, पटांगण माझ्या भावाला द्या. भाऊ बसवराज लातूरला सोयाबीनचा आडत्या होता आणि त्याला गोदामाला जागा हवी होती.

"मी म्हनतो, घाण्याला तेलबी न्हाई, बरोबर?" मल्लिनाथनं हात धुतले, म्हणजे ओल्या फडक्याला पुसले. "बी न्हाई, कारण पाणी न्हाई. मंग जिथं पाणी हाय तिथली तेलबी आणायची. आपल्या नंदीनंच मला फोनवर सांगितलं. तारली म्हनून मासा हाय. त्यात तेल असतंय. कोकणात त्या तेलानं होड्या माखतेत, कोंबडीखाद्यवालेबी घेतेत. आन आधी ती केरळाकडं होती, ती आता वर सरकायलीय."

या घराण्यात अंड्याची जाहिरात असलेलं कॅलेंडरसुद्धा आजवर भिंतीला लागलं नव्हतं.

"मासा?" नीलाबाई म्हणाल्या.

"तेलबीच की गं, अव्वा. शेपटी असलेली."

सगळ्यांनी महानंदाकडे पाहिलं. ती घरातली धाकटी, कालच सुट्टीवर आलेली. कोकणातल्या एका केंद्रात ती समुद्रातले जीव मोजायची. तिची नोकरी घरच्यांना एवढीच कळली होती: मासे पकडते, मोजते आणि सोडून देते. यातल्या शेवटच्या कलमानं घराला फार धीर दिला होता.

"दादा, वर म्हंजे उत्तरेला," महानंदा म्हणाली. "नकाशात वर."

"मंग? घाटनांदूर नकाशात रत्नागिरीच्या वरच हाय."

महानंदानं मनातल्या मनात नकाशा पाहिला. हे खरं होतं.

"लातूरला रेल्वेनं पाणी आलं का न्हाई?" मल्लिनाथला जोर चढला. "दोन वर्षांमागं कुणी असं बोललं असतं तर तुमी त्याला येड्यात काढलं असतं. पाणी रेल्वेनं येतंय, तर मासा एसटीनं कावून न्हाई?"

"तो आपल्या पायानं न्हाई आला, दादा. तू मागवलास."

"रत्नागिरीपत्तुर तो त्याचाच आलता. पुढचं तेवढं मी केलं."

नीलाबाईंनी पदर नाकाला लावला होता, पण खोक्याच्या सगळ्यात जवळ त्याच बसल्या होत्या. "पण सरकायलीय कशापायी ती?" त्यांनी विचारलं. "तिथं काय कमी हाय?"

"पाणी तापायलंय, अव्वा. सालोसाल थोडं थोडं. तिला सोसंल असं पाणी हुडकत ती वर जाते."

"म्हंजे ऊसतोडीला गेली," अर्जुनराव म्हणाले.

"तसंच समजा."

"मुकादम कोण?"

"मुकादम न्हाई. आपल्या आपणच जातेत."

"मंग लई शहाणी जात हाय," अर्जुनराव म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.

रुद्रप्पांचं जेवण थांबलं होतं. श्रीमंताच्या घरातल्या आजारपणाची चौकशी करावी तशा दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "नंदे, समुद्रालाबी दुष्काळ पडतो का गं?"

"पडतो, आप्पा. पाणी आटत न्हाई, पण तापलेल्या पाण्यात हवा कमी मावती. तळाचं गार पाणी वर येताना खाणं घेऊन येतं, ते यायचं थांबतं. वरून बघावं तर पाणीच पाणी, आन आत खायला काई न्हाई."

"आमच्या टँकरचं उलटं हाय," अर्जुनराव म्हणाले. "आत गवत हाय, बेडूक हाय, एकदा चप्पल निघालती. पाणीच न्हाई."

खोकं अंगणातल्या बेलाखाली उघडायचं ठरलं. सूचक मल्लिनाथ, अनुमोदक नीलाबाई. घागरवाली बाई अजून दारातच होती. वितळलेलं पाणी सांडून देणार असाल तर मला द्या, म्हणाली.

"अगं, वास येतोय त्याला," उमाबाई म्हणाल्या.

"म्हशीला पाहिजे. टँकरच्या पाण्यालाबी वास येतो. ती काई म्हनत न्हाई."

पाणी घागरीत गेलं, बाई गेली, आणि सात पिढ्यांत ज्यांच्या उंबऱ्याच्या आत खवला आला नव्हता ते सगळे खोक्याभोवती वाकून उभे राहिले. मासे बोटाएवढे होते, पाठीवर निळसर, पोटाला चंदेरी. नीलाबाईंना त्यांचे डोळे पाहून वाटलं, हे आपल्याला काहीतरी विचारायलेत. मल्लिनाथला वाटलं, कोंबडीखाद्यवाल्याला संध्याकाळीच फोन करावा. अर्जुनरावांना जे वाटलं ते त्यांनी गिळलं, कारण तिथं मांसाहारी ते एकटेच होते आणि बैठक संपायची होती.

रुद्रप्पांनी एक मासा उचलला. घाण्यावर आयुष्य गेलेला माणूस. करडईचा दाणा नखानं चिरडून तेल जोखावं तसं त्यांनी त्याचं पोट दाबलं आणि अंगठा उन्हात धरला. अंगठा चमकत होता.

"लई तेल हाय," ते म्हणाले.

"ते खवले हायत, आप्पा."

रुद्रप्पांनी अंगठा धोतराला पुसला. पुढे दिवसभर धोतर तेवढ्या जागी चमकत राहिलं.

महानंदानं दोन मासे तळहातावर शेजारी ठेवले आणि त्यांची लांबी-जाडी ताडून पाहिली. रोज ती हेच करायची, पण घरच्या अंगणात, बेलाखाली, वहिनीचा श्वास मानेवर घेत कधी केलं नव्हतं. "ही हडकुळी हाय," ती म्हणाली. "औंदा जिकडंतिकडं अशीच मिळायलीय. तापल्या पाण्यात खाणं न्हाई मिळालं, वाढच खुंटली. तेल धरलंच न्हाई हिनं."

"एवढ्या लांबून घाण्यावर आली आन तेल न्हाई?" मल्लिनाथ म्हणाला.

"उपाशीच आली की गं," नीलाबाई म्हणाल्या, आणि पाहुण्याला काय द्यावं अशा सवयीनं त्यांचा हात पदराच्या गाठीकडे गेला.

"म्हंजे समुद्रातले मासे संपायलेत?" रुद्रप्पांनी विचारलं.

"तसं सरळ न्हाई, आप्पा. कधी कधी जाळ्यात वजन पहिल्याएवढंच भरतं, उलट जास्तच. पण तऱ्हा कमी झाल्या. आमचे जुने लोक सांगतेत, पूर्वी जाळं वढलं की निवडायला दिस जायचा, इतक्या जाती निघायच्या. आता चटकन उरकतं. एकच जात, ढिगानं. आन त्या एकीचं साल बिघडलं की सगळंच बिघडलं. मंग मोकळ्या जागी जेलीफिश शिरतेत."

"ते काय असतं?"

महानंदानं हातवारे केले, लिबलिबीत, आरपार दिसणारं, छत्रीसारखं, असं सांगून पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी ती म्हणाली, "समुद्रातलं गाजरगवत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिची नोकरी घराला पहिल्यांदा पूर्ण कळली.

"वन्सं," उमाबाई म्हणाल्या, "जिला सरकता येतंय तिचं कळलं. जिला न्हाई येत तिचं काय?"

"पोवळ्याचं तेच होतं, वैनी. मालवणकडं खडकांवर हाय ते, मी बघितलंय. आप्पांच्या अंगठीत मंगळाचं हाय ना, त्याच्याच भावकीतलं. खडकाला चिकटून असतं. जनावर हाय, पण हलत न्हाई."

"जनावर?" नीलाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी रुद्रप्पांच्या बोटाकडे पाहिलं. रुद्रप्पांनीही पाहिलं. लग्नापासून ती अंगठी त्या बोटात होती. त्याच हातानं ते जेवत, आणि त्याच हातानं रोज इष्टलिंगाला भस्म लावत.

"काढा ते, अहो."

"निघत न्हाई. बोट सुजलंय."

"साबण लावा."

"साबणाला पाणी लागतं," रुद्रप्पा म्हणाले आणि त्यांनी तो हात पाठीमागं घेतला. हा विषय संस्थेच्या कार्यकक्षेबाहेरचा ठरला.

"तर त्या पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं," महानंदा वहिनीकडे वळून सांगू लागली. "भाडेकरूवानी. तेच त्याला खाऊ घालतं, आन रंगबी लई करून त्याचाच. पाणी लई तापलं की पोवळं त्याला बाहेर काढून देतं. मंग पांढरंफटक पडतं."

"मरतं?"

"लगीच न्हाई. जितं असतं, नुसतं उपाशी. पाणी वेळेवर निवलं तर शेवाळ परत येतं, रंग येतो. न्हाई निवलं तर मरतं. आन ते मेलं की त्याच्या आडोशानं राहणारी तमाम बारकी मासळी, खेकडे, किडे, सगळ्यांचं बिऱ्हाड उठतं. त्यातले निम्मे तर तिथं व्हते हेसुद्धा कुणाला ठावं नसतं."

"परत येतं ते कुठून येतं?"

"जवळपास कुठंतरी थोडं शिल्लक असावं लागतं, वैनी. कुठंच न्हाई उरलं तर नुसतं पाणी गार होऊन उपेग न्हाई."

उमाबाईंनी खोक्याचं झाकण लावलं. घाणा फिरायचा तेव्हा त्यांच्या दारावरून बायका जायच्या. मोठी पोती बैलगाड्यांतून यायची, ती रुद्रप्पा मोजून घ्यायचे. बायका सुपातून, पदरातून आणायच्या: जवस, कारळ, तीळ, कुणाची अंबाडी. आपापलं वेगळं तेल काढून मागायच्या आणि घाणा मोकळा होईपर्यंत उमाबाईंच्या ओट्यावर टेकायच्या. सगळ्या गावाची खबर त्या ओट्यावर यायची. घाणा थांबला आणि ओट्यावर कोणी येईनासं झालं. का, याचा त्यांनी विचार केला नव्हता. बसवराज फोनवर म्हणाला होता, "अक्का, एकच माल, एकच काटा, कटकट न्हाई." तेव्हा ते सोयीचं वाटलं होतं.

"चला, सभासद यायचे झाले," रुद्रप्पा म्हणाले. "ठराव घ्या."

मल्लिनाथनं आपला मांडला. घाण्यात करडईऐवजी तारली गाळावी.

"अनुमोदन?"

नीलाबाईंनी बेलाकडे पाहिलं. आजवर कुणाच्याही सूचनेला त्यांनी उपाशी ठेवलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, पण आडवी.

"अर्जुनराव?"

"ठरावाला अनुमोदन न्हाई," अर्जुनराव म्हणाले. "मासे मी नेतो."

ठराव पडला. मल्लिनाथ पायरीवर बसला. तिथल्या तिथं त्यानं बाजू बदलली. आपला ठराव पडलेला माणूस असतो तसा तो आता दुसऱ्या कुठल्याही ठरावाला तयार होता. "गुंडाळा मंग," तो म्हणाला. "उमाच्या ठरावाला माझं अनुमोदन. मांड गं."

रुद्रप्पांनी डोळे मिटले. ते याचीच वाट पाहत होते. घाणा बंद करा असं त्यांच्या तोंडून निघत नव्हतं, आणि चालू ठेवा म्हणायला त्यांच्याकडे मूठभर बी नव्हतं. त्यांना हरायचं होतं, फक्त रीतसर. सुनेनं मांडावं, पोरानं उचलावं, अर्जुनरावांनी हात वर करावा. आपण विरोधात एक मत द्यावं, आणि सभासदांपुढं जाऊन सांगावं की मी न्हाई म्हणत व्हतो, मंडळानं ऐकलं न्हाई. ही वाक्यं त्यांनी तीन दिवस मनाशी घोळवली होती.

"मामा," उमाबाई म्हणाल्या, "मी सूचना मागं घेते."

रुद्रप्पांनी डोळे उघडले. "अशी कशी मागं घेते?"

"घेता येती. तुमीच शिकवलंय. मत पडायच्या आधी सूचकाला सूचना मागं घेता येती."

"अगं, पण बसवराज..."

"त्याला मी सांगन. भाऊ माझा हाय."

"उमा, मी अनुमोदन दिलंय," मल्लिनाथ म्हणाला. "आता त्या अनुमोदनाचं काय करू?"

"ठेवा. लागंल."

"आन घाण्यात काय घालायचं?" रुद्रप्पांचा आवाज चढला. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, यांचा घाणा कुणीतरी बंद करायला निघालंय. "ठराव मागं घेतला म्हनून करडई उगवती का? मी त्या लोकांपुढं काय तोंड घेऊन जाऊ? काय सांगू?"

"मला न्हाई ठावं, मामा," उमाबाई म्हणाल्या. "मी म्हनायलेय, आज नगं. आधी इचारा तरी कुणाकडं काय उरलंय ते. आपण कधी इचारलंच न्हाई."

पटांगणात सभासद आले होते. काही उकिडवे, काही घाण्याच्या सावलीत. वयस्कर जास्त, बायका बऱ्याच, कारण हातपाय चालणारे गडी गावाबाहेर होते. रुद्रप्पा पुढं आले. धोतरावर खवले चमकत होते आणि एक हात पाठीमागं होता. कुणी हसलं नाही. लोक निरोपाचं ऐकायला आले होते आणि अशा वेळी धोतराकडं कुणी बघत नाही.

"संस्था गुंडाळायचा ठराव..." रुद्रप्पांनी घसा खाकरला. "...आला न्हाई."

आला नाही म्हणजे उशिरा येणार की काय, असं काहींना वाटलं.

"मंग घाण्यात घालणार काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"तेच इचारायलोय," रुद्रप्पा म्हणाले. "करडईचं बी हाय का कुणाकडं?"

वाऱ्यानं पटांगणातली फोलपटं एका कडेहून दुसऱ्या कडेला नेली. महानंदा घाण्याच्या दाराशी उभी होती; जाळं वर येताना ती जशी श्वास धरायची तसा तिनं आत्ता धरला होता, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

अर्जुनरावांनी खोकं या बगलेतून त्या बगलेत घेतलं. "आमच्या घरवालीनं, रुक्मिणीनं, ज्वारीला कडंनं पट्टा पेरलता," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "काट्याला भिऊन ढोरं आत शिरत न्हाईत म्हनून. ज्वारी गेली. पट्टा राहिला. पोतंभर निघालं असंल."

"अर्जुनराव, तुमी तर ऊसवाले."

"ऊस माझा. कड तिची."

"पोत्यावर घाणा फिरतो व्हय?" कुणीतरी म्हणालं.

"न्हाई फिरत," रुद्रप्पा म्हणाले. "पण पेरता येतंय. दसऱ्याच्या पुढं, ओल धरली तर." त्यांनी पुन्हा लोकांकडे पाहिलं. "आनखी काय हाय? करडई नसंल तर नसू द्या. काय बी सांगा."

"कारळं हायत," एक बाई म्हणाली. "चटणीपुरती ठेवलीत."

"तीळ हाय. काळा. सासूचा हाय तो, तिला इचारावं लागंल."

"अंबाडी चालंल का? कुणी घेत न्हाई म्हनून पडलीय."

मल्लिनाथ पायरीवरून उठला आणि कोण काय म्हणतंय ते ऐकायला पुढं येऊन उभा राहिला. उमाबाई ओट्यावरची धूळ फडक्यानं झटकत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यात मागं घाण्याच्या भिंतीला टेकून बसलेल्या वत्सलाबाईंनी हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला.

"बोला, वत्सलाबाई."

"जवस हाय माझ्याकडं. पायलीभर," वत्सलाबाई म्हणाल्या. "पण लई दिसांचं हाय. आन खरं सांगू का, त्यात उंदराच्या लेंड्याबी हायत."

"आणा," रुद्रप्पा म्हणाले. "चाळून घेऊ."